बंदिवानाची खबर

(धर्मग्रामाच्या ज्युबिली-समारंभात निडी येथे झालेले भाषण)



ज्युबिलीच्या सभेत उभे राहावयाचे म्हणजे इमारत-फंडाचा वृत्तांत सांगावा, दिवंगत धर्मगुरूंचे पुण्यस्मरण करावे, आणि पुढील पिढीस चार शब्द उपदेशाचे सांगून खाली बसावे, असा प्रघात आहे. ते कार्य आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनी उत्तम प्रकारे पार पाडिले आहे. आमच्या वाट्यास पोलीस, तुरुंग आणि न्याय हा विषय आला आहे असे ऐकून एका वृद्ध गृहस्थांनी कालच आम्हांस विचारिले, "अहो, आनंदाच्या दिवशी हे चौकीचे काय काढले?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच्या उत्तरापासूनच आरंभ करितो.

ज्युबिली हा शब्द हिब्रू योबेल या शब्दावरून आला आहे. योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. पन्नासावे वर्ष उजाडले की ते शिंग फुंकून देशभर सुटकेची द्वाही फिरवावी, गहाण पडलेली जमीन मूळ धन्याकडे परत जावी, आणि दास्यात गेलेला मनुष्य आपल्या घरी परत यावा, अशी आज्ञा लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात आहे. प्रभू येशू नाझरेथच्या सभास्थानात वाचावयास उभा राहिला तेव्हा त्याने यशयाच्या ग्रंथातील जो भाग काढिला, त्यातही बंदिवानांच्या सुटकेचीच वार्ता होती. सन २००० च्या ज्युबिली वर्षी, ९ जुलै रोजी, पोप दुसरे जॉन पॉल रोम शहरातील रेजिना चेली या तुरुंगात मिस्सा अर्पण करण्यास गेले. २०२५ च्या ज्युबिलीसाठी सेंट पीटरच्या महामंदिराचे पवित्र द्वार उघडल्यानंतर दोनच दिवसांनी, म्हणजे २६ डिसेंबर २०२४ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी दुसरे पवित्र द्वार उघडिले ते रेबिब्बियाच्या तुरुंगात. तेव्हा आनंदाच्या दिवशी तुरुंगाची आठवण काढणे ही आमची विक्षिप्त कल्पना नव्हे. तुरुंगाचे नाव न घेता साजरी केलेली ज्युबिलीच उलट अपुरी म्हणावी लागेल.

आता विषयाकडे वळू. मोकळा मनुष्य उपाशी असला तर शेजाऱ्याच्या दारी जातो, आजारी पडला तर वैद्याकडे जातो, कोणी मारू लागला तर पळून जातो. बंदिवानास यांपैकी काहीच करिता येत नाही. ज्याने त्याच्या दारास कुलूप घातले, त्याने त्याचे आईबाप, वैद्य, शेजारी या सर्वांचे काम त्याच क्षणी आपल्या अंगावर घेतलेले असते. म्हणून त्या मनुष्याचे काय झाले हे विचारावयाचे ते किल्ली बाळगणाऱ्यास. मराठीतील जबाबदार हा शब्द मोठा बोलका आहे. ज्याने जबाब द्यावयाचा तो जबाबदार. आपल्या ठाण्यांतून मात्र जबाब नेहमी कैद्याचाच घेतला जातो!

ख्रिस्ती मनुष्यास हा विषय परका वाटू नये, कारण आपल्या तारणाचा इतिहास अटकेपासून सुरू होऊन देहदंडापर्यंत जातो. प्रभूस रात्रीच्या वेळी, मशाली व सोटे घेऊन, धरून नेण्यात आले. हन्नापुढे चौकशी चालू असता तेथील एका शिपायाने त्याच्या तोंडात मारिली. त्या प्रसंगी प्रभू गप्प राहिला नाही, ही गोष्ट आमचे लक्ष नेहमी वेधून घेते. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण देणाऱ्या त्या तोंडाने शिपायास विचारिले की, माझे बोलणे चुकीचे असेल तर तसे सिद्ध कर, आणि बरोबर असेल तर मला का मारतोस? त्या प्रश्नात राग नाही, शाप नाही, पण हिशेबाची मागणी आहे. शिपायाने काय उत्तर दिले हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. पुढे पिलाताने आरोपीत दोष सापडत नाही असे पुनःपुन्हा सांगितले आणि तरीही त्यास फटके मारविले. निर्दोष म्हणावयाचे आणि समुदायाच्या समाधानासाठी थोडेसे मारावयाचे, ही रीत इतकी जुनी आहे.

"प्रत्येक सत्ता देवाने नेमिलेली आहे, मग शिपायास जाब विचारणारे आपण कोण?" असे म्हणणारे सज्जन आपल्यात पुष्कळ आहेत, आणि ते संत पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा आधार देतात. त्यांस आमची नम्र विनंती अशी की, त्याच संत पौलाचे फिलिप्पै येथील चरित्र प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायात वाचावे. तेथे पौल व सीला यांस चौकशीवाचून, भर चौकात, छड्यांनी मारण्यात आले आणि आतल्या कोठडीत पाय खोड्यात अडकवून ठेविण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकाऱ्यांनी शिपायांकरवी निरोप पाठविला की, सोडून द्या त्यांना. आपल्यापैकी कोणी असता तर देवाचे आभार मानून मागल्या दाराने घर गाठिले असते. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हांस अपराध सिद्ध झाल्यावाचून चारचौघांत मारिले, आता गुपचूप काय घालविता, स्वतः या आणि बाहेर घेऊन जा, असे त्याने कळविले. अधिकारी भ्याले, आले, आणि त्यांनी क्षमा मागितली. पौलास मानापमानाची हौस होती असे त्याचे चरित्र वाचून कोणी म्हणणार नाही. त्या नगरात लुदियेच्या घरी नुकतीच एक लहानशी मंडळी उभी राहिली होती. पौल निघून गेल्यावर ती तेथेच राहणार होती. छडी उचलण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी पुढच्या वेळी दहादा विचार करावा, एवढ्यासाठी तो अडून बसला असावा, असे आम्हांस वाटते. सत्ता देवाची आहे असे लिहिणारा आणि सत्तेला क्षमा मागावयास लावणारा मनुष्य एकच होता.

आता आपल्या दाराशी येऊ. निडीच्या स्थानकावरून दिव्याकडे जाणारी गाडी नागोठणे, पेण, पनवेल करीत तळोजे पंचनंद या स्थानकावरून जाते. त्या तळोज्यास, आपल्याच रायगड जिल्ह्यात, मध्यवर्ती कारागृह आहे. झारखंडातील आदिवासींमध्ये आयुष्य वेचिलेले येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांस ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथून अटक करून याच कारागृहात आणण्यात आले. वय ८३ वर्षांचे, आणि अंगी कंपवाताचा विकार. हात कापत असल्याने साध्या पेल्याने पाणी पिणे त्यांस अशक्य होते. नळी व नळीचा पेला मिळावा असा अर्ज त्यांनी ६ नोव्हेंबर रोजी विशेष न्यायालयात केला. तपासयंत्रणेने उत्तर देण्यास वीस दिवसांची मुदत मागितली, आणि २६ नोव्हेंबर रोजी असे सांगितले की, पेला आम्ही जप्त केलेलाच नाही. त्यानंतर प्रश्न तुरुंगाधिकाऱ्यांकडे गेला. पाण्याच्या एका पेल्यासाठी एवढे कागद!

२२ मार्च २०२१ रोजी विशेष न्यायालयाने त्यांचा जामीन नाकारिला. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे दूरदर्शनयंत्रावरून हजर झाल्यावर त्यांनी सांगितले की, सरकारी इस्पितळात जाण्यापेक्षा येथेच मरण आले तरी चालेल, मला माझ्या माणसांत जाऊ द्या. पुढे न्यायालयाच्या आज्ञेने त्यांस वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात हलविण्यात आले. ५ जुलै २०२१ रोजी, त्यांच्या जामिनाची सुनावणी व्हावयाची त्याच दिवशी, ते देवाघरी गेले. त्यांच्यावरील आरोप त्यांनी नाकारिले होते. ते खरे की खोटे हे न्यायालयाने ठरवावयाचे होते, आणि खटलाच उभा न राहिल्यामुळे ते अखेरपर्यंत ठरले नाही. आम्हीही ते येथे ठरवीत नाही. ज्याचा अपराध सिद्ध झालेला नाही असा वृद्ध मनुष्य सरकारच्या कुलपाआड नऊ महिने होता, एवढी वस्तुस्थिती आमच्या विषयास पुरे आहे. ज्या कच्च्या कैद्यांसाठी फादरांनी झारखंडच्या उच्च न्यायालयात दाद मागितली होती, त्यांतलेच एक होऊन ते गेले. कच्चे कैदी किती आहेत म्हणाल, तर सरकारी गणतीप्रमाणे २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५ लक्ष ७३ हजार माणसे होती, आणि त्यांपैकी ४ लक्ष ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांत तिघांचा निकाल लागलेला नव्हता.

फादर स्टॅन गेले तेव्हा आपण मिस्सा केल्या, मेणबत्त्या लाविल्या, अश्रूही ढाळिले. ते योग्यच झाले. परंतु यापुढे आम्हांस जे सांगावयाचे आहे ते सांगताना जीभ थोडी अडखळते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वार्षिक सणाची पूर्वसंध्या होती. आम्ही सात-आठ जण देवळाच्या आवारात पताका लावीत होतो. दिवेलागणीस एक कातकरी बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. तिच्या मुलास, जो एका वीटभट्टीवर कामास होता, पाण्याचा पंप चोरल्याच्या संशयावरून आदल्या दिवशी पोलिसांनी नेले होते. ठाण्यात तिला कोणी उभे करीत नव्हते. तिचे मागणे एवढेच होते की, कोणी शिकलेल्या माणसाने तिच्याबरोबर चालावे आणि मुलगा आहे की नाही एवढे विचारावे. आम्ही तिला बसावयास सांगितले, पाणी दिले, आणि उद्या सण आटोपल्यावर येतो असे सांगितले. खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. उद्या खरोखरच जाणार होतो. ती "बरं, दादा" म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी मिरवणूक होती, पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी आम्हांस आठवण झाली, तोवर मुलगा घरी आला होता. त्याच्या अटकेची नोंद कोठेच नव्हती. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तक्रार कर म्हणून आम्ही त्यास सांगितले, तेव्हा तो नुसता हसला. पंप त्याने चोरला होता की नाही हे आम्हांस आजही ठाऊक नाही, आणि त्या खांद्याच्या हिशेबात तो प्रश्न येतही नाही.

दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांतातील याजक आणि लेवी हे दुष्ट नव्हते. तेही बहुधा आमच्यासारखे कोणत्या तरी चांगल्या कामाच्या घाईत असावेत.

कातकऱ्यांविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. इंग्रजी अमदानीत या जमातीकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहिले गेले. १८७१ सालापासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, परंतु गावात कोंबडी नाहीशी झाली की प्रथम कोणत्या वाडीकडे बोट जाते, हे आपणां सर्वांस माहीत आहे. पोलीस त्या बोटाच्या दिशेने जातात एवढेच. बोट आपले असते. याच जमातीतील नाग्या महादू कातकरी हा २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरच्या जंगल-सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीने पडलेल्या आठ हुतात्म्यांपैकी एक होय. त्याच्या जातभाईंस आपण आजही हात जोडून उभे राहावयास लावितो, याची लाज वाटावयास हवी.

कोणी असे समजू नये की आम्ही पोलिसांचे वैरी आहोत. या सभेतही पोलीस-खात्यातील मंडळी आहेत, आणि त्यांच्या घरच्यांनीच आजची रोषणाई केली आहे. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली, तेव्हा भर पावसात चिखल तुडवीत गेलेल्यांत आपल्या जिल्ह्याचे शिपाई होतेच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात काठीखेरीज काही नसता तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरिली, गोळ्या आपल्या देहात घेतल्या, आणि ती सोडिली नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रात्री त्या मनुष्यास संतापाच्या भरात जागीच संपविले असते तर किती जणांनी दोष दिला असता? परंतु त्यांनी त्यास जिवंत पकडिले. त्यास वकील मिळाला, खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले. त्यास शेवटी फाशी झाली. देहदंड कोणत्याही परिस्थितीत ग्राह्य नाही असे ख्रिस्तसभेने २०१८ साली आपल्या धर्मशिक्षणग्रंथात नमूद केले आहे, आणि आम्हीही त्याच मताचे आहोत. पण त्या रात्रीच्या संयमाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. कसाबास जो न्यायविधी लाभला, तो पंप चोरल्याच्या संशयितास का लाभू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

संत योहान बाप्तिस्ताकडे शिपाई आले व आम्ही काय करावे असे विचारू लागले, तेव्हा नोकरी सोडा असे त्याने सांगितले नाही. कोणास धाकदपटशा दाखवून पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात समाधान माना, एवढेच सांगितले. पगारात समाधान मानावयास पगार पुरेसा असावा लागतो, आणि बारा-बारा तास सणावारी उभा असलेला शिपाई शांत डोक्याचा राहील अशी अपेक्षा करणेही कठीण. त्याची ड्यूटी माणसाला सोसवेल अशी असावी, हाही याच सुधारणेचा भाग आहे. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने ज्या कैद्यांचे पाय खोड्यात घातले, त्यांचेच वळ त्याने मध्यरात्री स्वतःच्या हातांनी धुतले, हेही त्याच अध्यायात आहे.

कायद्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांस ते माहीत नसते. अटक केलेल्या मनुष्यास, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. हे आपल्या घटनेतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू यांच्या खटल्यात घालून दिलेल्या नियमांप्रमाणे अटक करणाऱ्याच्या छातीवर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे, अटकेचा वेळ व तारीख घालून कागद केला पाहिजे आणि त्यावर साक्षीदाराची सही पाहिजे, नातलगास खबर दिली पाहिजे, आणि कोठडीत असेतो दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. सप्टेंबर २००६ मध्ये प्रकाश सिंग यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यास राज्यांस सांगितले. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली. २०१४ च्या एप्रिलच्या १८ तारखेस, जो त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार होता, मुंबईत रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील एक ख्रिस्ती तरुण मरण पावला. त्याचा बाप उच्च न्यायालयात गेला, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला गेला, आणि ठाण्यांतून चित्रण करणारे कॅमेरे बसविण्याची चर्चा त्या प्रकरणाने नेटाने पुढे आणिली. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक ठाण्यास ते कॅमेरे आवश्यक केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी संहितेत, पहिल्यानेच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य शिक्षेचा एक तृतीयांश काळ भोगला असल्यास त्यास सोडावे अशी तरतूद आहे. जन्मठेपेचे व देहदंडाचे गुन्हे तिच्यात येत नाहीत.

कायदे पुष्कळ आहेत. पण नातलगास खबर द्यावी हा नियम ज्या बाईस वाचता येत नाही तिच्या काय उपयोगाचा? तिला हवा असतो तो तिच्या शेजारी ठाण्याच्या बाकावर बसणारा एक मनुष्य. तेथे ओरडावयाचे नाही, पुढाऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही, लाच द्यावयाची तर मुळीच नाही. "अमक्यास केव्हा आणिले, नोंद कोठे आहे, त्यास भेटता येईल काय," एवढे तीन प्रश्न अदबीने विचारावयाचे आणि उत्तर मिळेतो बसून राहावयाचे. प्रामाणिक अंमलदारास अशा मनुष्याची अडचण वाटत नाही, असे खुद्द एका निवृत्त फौजदारांनीच आम्हांस सांगितले.

ज्युबिली-कमिटीने आमच्या विनंतीवरून पाच जणांची नावे घेतली आहेत. तीन पुरुष व दोन स्त्रिया. ती देवळाच्या फलकावर लाविली आहेत. रात्री-अपरात्री, सणाच्या पूर्वसंध्येसही, कोणीही त्यांचे दार ठोठवावे. बोलावणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असे नाही, आणि निरपराधी असलाच पाहिजे असेही नाही. या दुसऱ्या अटीवरून कमिटीत बराच वाद झाला. चोराची बाजू आपण का घ्यावी, असे दोघांचे म्हणणे होते. ज्या चोरास स्वर्गाचे वचन प्रथम मिळाले त्याची आठवण करून दिल्यावर एकाने मान्यता दिली. दुसऱ्यांनी अद्याप दिलेली नाही, आणि तसे नोंदवून ठेविले आहे.

गेल्या महिन्यात आम्ही त्या बाईच्या वाडीवर गेलो होतो. झोपडीस बाहेरून काटकीची कडी घातलेली होती. शेजारणीने सांगितले की, मायलेक भट्टीवर गेली आहेत, कोणत्या गावी ते तिला नक्की सांगता आले नाही. पावसाच्या तोंडाशी ती मंडळी परततात. तेव्हा पुन्हा जावयाचे आम्ही ठरविले आहे.